एका विहिरीचे दोन आकडे

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला एक विहीर आहे. विश्रांतवाडीच्या या भागात इमारती उभ्या राहण्याआधी शेती होती, त्या शेतीची ही विहीर. जमीन बिल्डरला दिली तेव्हा मूळ मालकांना तळमजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. त्या घरातल्या मावशी आजही रोज सकाळी विहिरीतून कळशीभर पाणी शेंदून नेतात. बाकी आम्हा सगळ्यांना महापालिकेचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते कमी पडलं की टँकर येतो. विहिरीकडे एरवी कोणी फिरकत नाही. तिथे जाऊन पावलं मोजतात ते गाडी लावायला जागा शोधणारे.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या फलकावर सभेची नोटीस लागली. विषय एकच: विहीर बुजवून तिथे पार्किंग करणे. खाली कारण दिलं होतं, 'पाणी वापरण्यायोग्य नसल्याने'. हे कोणी ठरवलं आणि कशावरून, ते लिहिलेलं नव्हतं. कागदावर निष्कर्ष असावा आणि त्यामागे आकडा नसावा, हे मला सहन होत नाही. मी सेक्रेटरींना गाठलं.

त्यांनी खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला. "विहिरीचं सहाशे दाखवतो. नळाचं शंभरसुद्धा नाही. आणखी काय पुरावा हवा आपल्याला?"

"हा क्षार मोजतो," मी म्हटलं. "पाण्यात दुसरंही बरंच काही विरघळलेलं असतं. ते याला दिसत नाही."

"मग ज्याला दिसतं ते घेऊन या," ते म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

मी सध्या हिंजवडीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. पण नोकरीची पहिली काही वर्षं मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात घालवली होती. त्यामुळे ते जे उपहासाने म्हणाले, ते मी अगदी शब्दशः घेतलं. बायकोच्या मते हा माझा जुना आजार आहे.

त्याच सुमारास सुट्टी लागलेली मुलं दिवसभर जिन्यात धुडगूस घालत होती. इमारतीतल्या बायकांनी पाळी लावली होती. कोणी त्यांना कागदाची फुलं शिकवत होतं, कोणी भेळ करायला. बायको मला म्हणाली, "एक मेची सुट्टी आहे ना तुम्हाला? मग तुम्ही एक तास घ्या. तसंही त्या विहिरीवरून घरात येरझाऱ्या घालताय, त्या खाली मुलांसमोर घाला."

मी मावशींकडे गेलो. "मावशी, मुलांना पाण्याचा प्रयोग दाखवायचाय. विहिरीचं एक बाटली पाणी द्याल?"

"त्यात काय इचारायचं," त्या म्हणाल्या. "हिरीला पानी मायंदाळ हाय."

सकाळी त्यांनी बाटली आणून दिली. घासून लख्ख केलेली, बाहेरून पदराने पुसलेली. पाणी गाळून भरलेलं होतं, एक कण दिसत नव्हता.

मुलं दहा-बाराच होती, पाच ते नऊ वर्षांची. पार्किंगच्या सावलीत कॅरम बोर्डाचा स्टूल मांडून मी सुरुवात केली. दोन पेल्यांत नळाचं पाणी घेतलं. एकात चमचाभर मीठ ढवळलं, दुसऱ्यात चमचाभर साखर. दोन्ही विरघळली. मग सेक्रेटरींकडून मागून आणलेला मीटर आधी मिठाच्या पाण्यात बुडवला. आकडा भराभर चढला. मुलं ओरडली. मग धुऊन साखरेच्या पाण्यात बुडवला. आकडा जिथल्या तिथे.

"साखर कुठे गेली?" मी विचारलं.

"विरघळली."

"मग मीटरला का दिसली नाही?"

"तो झोपलाय," एक जण म्हणाला.

"झोपलेला नाही. याला खाली दोन पाय आहेत. एका पायातून दुसऱ्या पायाकडे वीज जाते का, एवढंच तो बघतो. मीठ विजेला पलीकडे पोचवतं. साखर पोचवत नाही. म्हणून साखर पाण्यात असूनही याच्या लेखी नाही."

मग मी त्यांना सांगितलं की साखर उसातून येते आणि ऊस जिवंत असतो. पान, मूळ, लाकूड, दूध, शेण, जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंताकडून आलं, त्याला सेंद्रिय म्हणतात. ते पाण्यात पडून राहिलं की त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. चहा उकळून गाळला की पूड गाळणीत राहते, पण रंग खाली जातो. गाळणीने कितीही गाळलं तरी तो हाती लागत नाही. तो विरघळलेला भाग. तसाच पाचोळ्याचा, मुळांचा असा न दिसणारा चहा प्रत्येक नदीत, तळ्यात, विहिरीत थोडाफार असतोच.

"विहिरीत चहा असतो?"

"पाचोळ्याचा. दूध-साखर न घातलेला."

हे त्यांना फार आवडलं. मग मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या परमँगनेटचे दोन खडे बाटलीभर पाण्यात टाकले. पाणी जांभळं झालं. ड्रॉपर मी माझ्याच हातात ठेवला, कारण त्याचा डाग बोटांवरून दोन दिवस जात नाही आणि बारा आयांना तोंड द्यायची माझी तयारी नव्हती.

"हे जांभळं पाणी भुकेलं आहे," मी म्हटलं. "साध्या पाण्यात एक थेंब टाकला की ते गुलाबी दिसतं. पण पाण्यात सेंद्रिय काही असेल तर हे त्याच्यावर तुटून पडतं आणि खाता खाता स्वतःचा रंग घालवून बसतं. सगळं खाऊन संपलं की पुढच्या थेंबाला खायला काही उरत नाही. तेव्हा गुलाबी रंग टिकतो. टिकेपर्यंत किती थेंब गेले, ते आपण मोजायचं. जास्त थेंब, म्हणजे जास्त खाऊ."

"मोठे लोक पण थेंबच मोजतात?" एका मुलीने विचारलं.

"मोठ्या प्रयोगशाळेत पाण्यातलं सेंद्रिय चक्क जाळतात आणि निघालेला वायू मोजतात. किंवा पाण्यातून एक वेगळा प्रकाश सोडतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. सेंद्रिय जितकं जास्त, तितका तो वाटेत अडतो आणि पलीकडे कमी पोचतो. आपल्याकडे ती यंत्रं नाहीत, म्हणून आपण थेंब मोजतो. आपला आकडा कच्चा आहे, हे लक्षात ठेवायचं."

लक्षात कोण ठेवणार. दोन्ही पाणी सारखं कोमट केलं, सारख्या मापाने घेतलं. नळाच्या पाण्यात तिसऱ्या थेंबाला गुलाबी टिकला. मग विहिरीची बाटली उघडली. मुलं तालात मोजू लागली. पाच झाले, सहा झाले, रंग येई आणि बघता बघता पिवळट तपकिरी होऊन जाई. आवाज चढत गेला. चौदाव्या थेंबाला कुठे गुलाबी टिकला.

"काका, पिंक टिकतच नव्हता."

"विहीर डर्टी आहे."

"वास तर मस्त येतोय," एक मुलगी पेला हुंगत म्हणाली. बाटली घासलेल्या साबणाचा असेल, असं समजून मी तिच्या हातातून पेला काढून घेतला.

"घाण आहे असं नाही," मी सांगत होतो. "सेंद्रिय जास्त आहे, एवढंच." पण तोवर निम्मी मुलं जिन्यात पोचली होती.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर सेक्रेटरी भेटले. आज चेहऱ्यावर आपुलकी होती. "आपण आमचं काम सोपं केलंत. मीटरवर लोकांनी शंका घेतली असती. मुलांवर कोण घेणार?"

मावशी त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोरून गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात चौदा हा आकडा बसला तो हलेना. विश्रांतवाडी ते हिंजवडी हा प्रवास माणसाला विचार करायला नको इतका वेळ देतो. औंधच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच, आणि मी एकामागून एक शक्यता खोडत होतो. विहिरीवर झाड नाही. वरून पाणी शेंदण्यापुरतं तोंड सोडून जाळी आहे, पाचोळा पडत नाही. खोली चांगली आहे. मग एवढं सेंद्रिय आलं कुठून? उरलं एकच उत्तर: ड्रेनेजची लाइन विहिरीजवळून जाते, ती फुटली असेल.

आणि तसं असेल, तर मावशी ते पाणी रोज पितात.

तसं नसेल, तर माझ्या चौदा थेंबांवर त्यांची विहीर बुजणार.

यातलं कुठलंही एक खरं असलं तरी मला स्वस्थ बसता येणार नव्हतं. ऑफिसात एका पुरवठादाराचं बिल मी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा वेगळी बेरीज आली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "सर, तब्येत ठीक आहे ना?" मी उन्हाचं कारण सांगून लवकरची बस पकडली.

घरी आल्यावर बूटही न काढता दोरी-बादली घेऊन विहिरीवर गेलो. स्वतः पाणी शेंदलं. वर आणून गाळलं, कोमट केलं, त्याच मापाने घेतलं. पाचव्या थेंबाला गुलाबी टिकला. घड्याळ लावून पाहिलं. टिकला. पेला धुऊन पुन्हा केलं. पाच. ड्रॉपर बदलून केलं. पाच.

"अहो, पाच येतंय तर पाच असेल," बायको ओट्यापाशी उभी होती. "चौदा येईपर्यंत करणार आहात का? मला कुकर लावायचाय."

मावशींनी दिलेल्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. तेही तपासलं. त्याला आदल्या दिवसासारखेच चौदा लागले. म्हणजे माझ्या हाताची चूक नव्हती, खड्यांची नव्हती, पेल्याची नव्हती. एका विहिरीचे दोन आकडे माझ्यासमोर ओट्यावर होते आणि दोन्ही बरोबर होते.

"मग हे विहिरीचं पाणीच नसेल," बायको म्हणाली.

"मावशी खोटं कशाला सांगतील?"

"मी कुठे म्हटलं खोटं सांगतात. खाली जाऊन विचारा की. त्या चावत नाहीत. निदान काल सकाळपर्यंत तरी चावत नव्हत्या."

शनिवारी सकाळी गेलो. मावशींनी दार उघडलं आणि आत वळल्या. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो.

"मावशी, मला दिलेलं ते पाणी विहिरीचंच होतं ना?"

"मग काय बिसलेरीचं व्हतं?" त्यांनी मागे न वळता विचारलं. "माझ्या हातानं शेंदलेलं, फडक्यानं गाळलेलं. रात्रभर माठात गार केल्यालं. पोरं पितील म्हणलं, तर बरं पानी द्यावं. तसंच उचलून कुनी देतं व्हय?"

कोपऱ्यात तिवईवर माठ होता. मी विचारून झाकण उचललं. आत, पाण्यात, दोऱ्याने बांधलेली वाळ्याची जुडी तरंगत होती. बारीक पिवळसर मुळं, चांगली दोन-तीन दिवसांची भिजलेली. आणि तो वास. पेला हुंगणाऱ्या त्या मुलीला आलेला वास, जो मी साबणाच्या नावावर घातला होता.

मी तिथेच पाटावर बसलो. हसावं की काय करावं, कळेना. विहिरीचं पाणी विहिरीचंच होतं. पण त्यांच्या घरात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत. उन्हाळ्यात वाळा घातलेलं देतात. मी 'मुलांना दाखवायचंय' म्हटलं होतं, 'तपासायचंय' म्हटलं नव्हतं. त्यांनी मुलांच्या पोटात जाईल म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं, आणि भुकेल्या जांभळ्या पाण्याने वाळ्याची मुळं मन लावून खाल्ली.

मी त्यांना समजावून सांगितलं, मुलांना सांगितलं होतं तसंच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी माझ्या वाळ्यापायी हीर बुजवत्यात?"

"मी सांगेन सभेत."

"सांगा बाबा. माझा ल्योक न्हाई सांगायचा. त्याचीच गाडी हुबी ऱ्हानार हाय तिथं." मग म्हणाल्या, "ही हीर खांदली तवा मी नवी नवरी व्हते. दगडाच्या पाट्या काढल्यात डोक्यावरनं. पानी लागलं त्या दिशी सासऱ्यानं पहिला तांब्या मला दिला. आता ती गाडीखाली घालायची म्हनत्यात."

एवढं बोलून त्यांनी माठावर झाकण ठेवलं.

रविवारी सभेच्या आधी मी मुलांना बोलावलं. आई-बाप पाठोपाठ येतील हा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. या वेळी तीन पेले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात सगळ्यांच्या देखत विहिरीतून शेंदलेलं, तिसऱ्यात तेच विहिरीचं पाणी, पण आदल्या दिवशीपासून वाळा भिजत घातलेलं. मुलांनी मोजलं. तीन. पाच. तिसऱ्याचा आकडा पुन्हा दोन अंकी गेला आणि मुलं मोजता मोजता एकमेकांकडे बघायला लागली.

"काका, मग वाळा डर्टी आहे?"

"नाही. तुझी आजी सरबतात घालते ना? वाळा म्हणजे मूळ. मूळ सेंद्रिय. थेंब किती खाल्लं ते सांगतात, काय खाल्लं ते सांगत नाहीत. पाचोळा, वाळा, चहा, गटार, सगळ्याला थेंब लागतात. म्हणून आकडा जास्त आला की ओरडत पळायचं नसतं. कुठून आला ते शोधायचं असतं." हे मी मुलांना सांगत होतो आणि बघत होतो मोठ्यांकडे.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "आपल्यावर विश्वास ठेवायचा तो गुरुवारच्या की आजच्या? म्हणजे तसं सभेच्या वृत्तान्तात लिहायला."

"माझ्यावर ठेवूच नका. विहिरीवर जा, स्वतः पाणी शेंदा, माझ्याकडे आणा. मी थेंब टाकतो, तुम्ही मोजा."

ते गेले नाहीत, पण तिसऱ्या मजल्यावरचे दोघे गेले. त्यांचंही पाच आलं. मग गलका झाला. एक जण म्हणाला, पाच का होईना, नळापेक्षा जास्तच आहे. दुसऱ्याने विचारलं, टँकरच्या पाण्याला किती लागतात ते कधी बघितलंय का. ते कोणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि ते कबूल करावं लागलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे पाणी प्यायला चांगलं आहे, असं समजायचं का?"

मावशी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. 'हो' म्हटलं असतं तर विहीर त्याच क्षणी वाचली असती आणि मावशींचा मानही राहिला असता. पण मला ते माहीत नव्हतं.

"ते यातून कळत नाही," मी म्हटलं. "जंतू आहेत का, हे थेंब सांगत नाहीत. त्याला रीतसर तपासणी लागते. ती होईपर्यंत हे पाणी बागेला आणि फ्लशला वापरावं. प्यायचं असेल त्यांनी उकळून प्यावं."

मावशी उठल्या आणि घरी निघून गेल्या. त्यांचा मुलगा खाली मान घालून मोबाइल बघत होता.

सभा आणखी बराच वेळ रंगली. शेवटी ठरलं ते असं: विहीर बुजवायची नाही. कठडा उंच करायचा. पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं आणि पंप बसवून फ्लशच्या टाकीत सोडायचं, म्हणजे टँकर कमी लागतील. मत द्यायची वेळ आली तेव्हा मावशींच्या मुलाचा हात वर गेला. कुठल्या बाजूने ते मी दोनदा पाहून खात्री करून घेतलं. विहीर ठेवण्याच्या बाजूने होता.

प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत मी पुन्हा तसाच बेचैन होतो. तो आला. विहिरीत ड्रेनेज मिसळत नव्हतं, पण थोडे जंतू निघाले, उघड्या विहिरीत निघतात तसे. उकळून प्यावं, असा शेरा होता. तो कागद मावशींना वाचून दाखवायला मीच गेलो, कारण दुसरं कोणी गेलं नसतं.

त्यांनी ऐकलं आणि गॅसकडे बोट दाखवलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. "सभेच्या दिसापास्नं उकळतीया. तुमचं ऐकून न्हाई. लेकानं पातेलं आनून दिलं."

माठावर नेहमीचं झाकण होतं. का कोण जाणे, मी ते उचलून पाहिलं. आत नुसतं पाणी होतं.

"वाळा कुठंय?"

"काढला. तुमचं थेंब वाढत्यात त्यानं."

मी झाकण तिवईवर ठेवलं. मग म्हटलं, "मावशी, ते मोजण्यापुरतं होतं. मोजून झालं. आता पुन्हा घाला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खोटं बोलतोय का ते पारखून घेतल्यासारखं. फडताळातून जुडी काढली, धुतली आणि माठात सोडली. मी निघायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "वाळा मुरायला येळ लागतो. चव आल्याबिगर पानी देनार न्हाई मी."

मी बसलो. त्या दिवसांत पहिल्यांदाच मी घड्याळाकडे न बघता बसलो होतो.